४१७ : नाव अनिश्चित

६ जानेवारी, सोमवार

शैलाचा सकाळचा अभ्यास. दहा कार्डं. दहाही चहा.

कप दाखवला, चहा. ठीक, निम्मं बरोबर म्हणू. गाय दाखवली, चहा. छत्री, चहा. माझा पासपोर्ट फोटो दाखवला तर बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाली, चहा. मग मी खरंच केला. तो घेतला नाही.

पॅरालिसिस होऊन साडेतीन महिने झाले. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. चालणं काठी धरून, खोलीपुरतं. स्पीच थेरपीची मुलगी म्हणते, समजतं सगळं काका, शब्द आत आहेत, फक्त बाहेर येत नाहीत. रोज दहा चित्रं दाखवायची, नाव विचारायचं, तक्त्यावर बरोबर-चूक खूण करायची. एक शब्द जरी बरोबर आला तरी त्याच दिवशी फोन करा म्हणाली. बाजारातली कार्डं भिकार निघाली, आंबा कोणता नि पपई कोणती मलाच कळेना. म्हणून मीच काढतो. पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून लोकांची फुटकी मडकी काढली, आता बायकोसाठी आंबा.

तक्ता: दहा फुल्या.

८ जानेवारी, बुधवार

अकरा ते चार औरंगपुऱ्यात. उत्खननाचं सामान ठेवायला त्याच्या प्रमुख मॅडमनी तिथं एका दुकानावरची खोली भाड्याने घेतलीय. निवृत्तीनंतर मला परत बोलावलं ते त्यांनीच. खणायचं टेकाड तिकडे पैठणच्या बाजूला, तिथं मी जात नाही, शै.मुळे जमत नाही. वस्तू क्रेटमधून इथं येतात. मी मापं घेऊन पेन्सिलीने काढतो, शाई घरी भरतो. तेवढा वेळ शेजारच्या वहिनी शै.जवळ बसतात.

आज रजिस्टर नं. ४१७. भाजलेल्या मातीचं, तळहातात मावेल एवढं. लांबी ११.४ सेंमी. होडीसारखं, वर लांबट तोंड उघडं. एका टोकाला चोच, चोचीला आरपार भोक, ज्वारीचा दाणा अडकेल इतकं. दुसरं टोक बंद. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरात चुलीशेजारी पालथं पडलेलं. अख्खं. असं अख्खं काही हातात आलं की मला अजून धडधडतं.

मॅडम म्हणाल्या, काय असेल सांगा. मी म्हणालो, दिवा. म्हणाल्या, काजळी कुठाय? नाहीच. मग तूप वाढायचं असेल. रंगाचं असेल. पूजेचं असेल. पूजेचं म्हटलं की आमच्यात ओळखायचं, काही सुचत नाहीये. पुढच्या महिन्यात छोटं प्रदर्शन आहे, ४१७ मधोमध ठेवायचं आहे आणि खाली चिठ्ठीवर नाव पाहिजे. रजिस्टरात सध्या नावाच्या रकान्यात पेन्सिलीने 'अनिश्चित'.

एक पाहून ठेवलं. चोचीचं टोक झिजून गुळगुळीत झालंय. नुसत्या ओतण्याने माती अशी झिजत नाही.

११ जानेवारी, शनिवार

शै. चिडली. सहाव्या कार्डावर (कुलूप) डाव्या हाताने सगळी कार्डं उधळली. बरोबर आहे तिचं. सत्तावन्न वर्षांची बाई, पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि समोर नवरा विचारतोय, हे काय आहे? कुलूप. माझ्याच तोंडाला लागावं असं.

कार्डं गोळा केली. शिस्तीचा आव आणून परत बसलो. पुढची चार तिने पाहिलीच नाहीत. तक्त्यावर सहा फुल्या, चार रेघा.

१२ जानेवारी, रविवार

आज काहीतरी झालं. नीट लिहितो.

काल ४१७ चं चित्र शाई भरून वाळत ठेवलं होतं. ते कार्डांच्या गठ्ठ्यात गेलं, आकार एकच. सातवं कार्ड म्हणून मी ते उचललं आणि न बघताच समोर धरलं. शै. थांबली. मग एकदम, न अडखळता, बोलली. "बोंड" एवढं मला ऐकू आलं. पुढं काहीतरी होतं, ते तोंडातच गेलं. परत विचारलं. परत "बोंड". आणि कार्ड माझ्या हातातून घेऊन डाव्या हाताने तिरकं केलं.

चहा नाही! साडेतीन महिन्यांत चहा सोडून पहिला शब्द.

पण चित्र बोंडाचं नाही. आमचं चित्र म्हणजे अर्धं कापून आतला छेद आणि अर्धं बाहेरून. सवय नसलेल्या माणसाला त्यातून काय कळणार? त्या फुगीर आकारात तिला कापसाचं बोंड दिसलं असेल. माहेर कापसाचं. लहानपणापासून वेचणीला गेलेली.

थेरपीच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, शब्द चुकला तरी आला हे चांगलं आहे काका, पण खूण चुकीचीच करा. केली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या वहिनी तिळगूळ घेऊन आल्या. गोड बोला म्हणाल्या आणि मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. शै. ने हसून मान हलवली. ती अशी सांभाळून घेते अजून.

दिवसभर तीन वेळा "बोंड". कार्ड न दाखवता. खिडकीकडे बघत.

भास्करला फोन लावला. भास्कर म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बारा वर्षांनी लहान, गावाकडची शेती तोच बघतो. "दाजी, औंदा बोंडाचं नाव काढू नका," म्हणाला. "बोंडअळीनं पार वाटुळं केलं. ताईला कुणी सांगितलं का काय?" कुणी सांगितलं नाही म्हटलं. मग म्हणाला, "मंग शेताची सय आली आसंल. येतो शुक्रवारी. चार बोंडं आनतो, हातात दिली की बरं वाटंल."

मला पटलं. मलाही तसंच वाटत होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

भास्कर आला. बोंडं लागलेली एक फांदी, शेतातली मेथी, बायकोने दिलेली भाकरी-चटणी. फांदी त्याने शै. च्या मांडीवर ठेवली. "ताये, बघ. आपल्या वावरातलं हाय."

तिने पाहिलं. बोटाने कापूस थोडा ओढला. भास्कर खूश झाला. मग तिने फांदी बाजूला सारली, परत "बोंड" म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, अगं हेच की बोंड. तिने मान जोरात हलवली. आम्ही दोघं फांदी उलटसुलट करून दाखवत राहिलो. "ह्ये नाय व्हय? पिकलेलं पायजे का? हिरवं पायजे?" भास्कर विचारत होता. शै. रडायला लागली.

माझा तोल गेला. "मग काय पाहिजे तुला?" असं ओरडलो. भास्करसमोर.

तो गेल्यावर माफी मागितली. तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. लिहितानाही लाज वाटतेय.

२० जानेवारी, सोमवार

मॅडमचा टेकाडावरून फोन. ४१७ सापडलं त्या चुलीशेजारची जमीन आणखी खणली. दोन फुटांखाली दोन कुंभ, आडवे, तोंडाला तोंड लावून. म्हणजे पुरलेलं मूल. त्या काळी लहान मूल गेलं की घराबाहेर नेत नसत, घरातच जमिनीत पुरत आणि वर पुन्हा सारवून राहत. अशी मी आजवर बावीस काढलीत. हाडांसकट.

मॅडम म्हणाल्या, फोटो पाठवते, चित्र तुम्हीच करा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. मी म्हणालो, या वेळी दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

चिठ्ठीचं नाव सुचेना तर 'दिवा' लिहून टाकू म्हणाल्या. हो म्हणालो.

२२ जानेवारी, बुधवार

गयाबाई क्रेट घेऊन आलेल्या. टेकाडाच्या गावच्याच, साठीच्या, दर हंगामात खापरं धुवायला असतात. खाली बसून ब्रशने धूत होत्या. घरी कसं काय विचारलं. मी सहज सांगत बसलो, बायको बोलत नाही, या चित्राला बोंड म्हणाली, मी मेहुण्याला बोंडं आणायला लावली. हसण्यासारखं करून सांगितलं.

गयाबाईंनी हात पुसले. चित्राकडे नाही, ४१७ कडे पाहिलं.

"बोंड न्हाय ओ साहेब. बोंडलं म्हनल्या आसतील. ह्ये बोंडलंच हाय की."

मी म्हणालो, म्हणजे?

"लेकराला दूध पाजायचं. ज्या लेकराला वडून पिता येत नाय त्याला. आमच्यात पितळंचं ऱ्हायचं, ह्ये मातीचं हाय एवढंच." आणि रिकाम्या हाताने करून दाखवलं. डाव्या हातावर मूल आडवं, उजव्याने भांडं तिरकं, चोच ओठाच्या कडेला.

आधी का नाही सांगितलंत म्हटलं. "मीच काडलं की त्ये खड्ड्यातनं. मला कुणी इचारलंच नाय. मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल, तुमी लई शिकल्याले."

चार वाजेपर्यंत बसायचं असतं. दोनला उठलो. गाडी चालवता येईना म्हणून रिक्षाने मुकुंदवाडीला घरी आलो. शै. झोपली होती. बरंच झालं.

२३ जानेवारी, गुरुवार

मुलगा होता आम्हाला. हे या वहीत पहिल्यांदा लिहितोय, आणि वही मी विसाव्या वर्षापासून लिहितो.

पहिलं बाळंतपण म्हणून शै. माहेरी होती. मी उत्खननाच्या कॅम्पवर. आठव्या दिवशी गेलो. त्याचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता आणि टाळूही. मी पाहिलं आणि माझ्याने दुसऱ्यांदा पाहवेना. डॉक्टर म्हणत होते, तीन महिन्यांचा झाला की ऑपरेशन होतं, बरं होतं. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, बारसं ऑपरेशननंतर थाटात करू. लोक काय बघतील, हे मनात होतं. म्हणून नाव ठेवलं नाही. एक रात्र राहिलो. दुसऱ्या दिवशी काम आहे म्हणून निघालो. काम होतंच, कॅम्पवर काम नसतं कधी?

तो सत्तेचाळीस दिवस जगला. मी तो एकच दिवस होतो. तार मिळून पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. कुठं ठेवलं ते विचारलं नाही. शै. ने सांगितलं नाही. नंतर मूल झालं नाही. आम्ही तीस वर्षं बरे राहिलो, लोक जोडा चांगला आहे म्हणतात, आणि हा विषय आमच्यात एकदाही निघाला नाही.

त्याला ओढून पिता येत नव्हतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं. टाळू नाही तर दूध ओढणार कसं? सत्तेचाळीस दिवस तो काय पीत होता, कशाने पीत होता, कोण पाजत होतं, हा प्रश्न मला पडलाच नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची माणसं काय खात होती ते मी चुलीच्या राखेवरून सांगतो.

माळ्यावरून त्या वर्षीची वही काढली. ते दिवस पाहिले. 'खड्डा ३, थर ५. चूल, राख, जळकी ज्वारी.' 'खापरं १४० काढली. बोटं दुखतात.' एका दिवशी: 'शै.चं पत्र, चार पानी. जेवणानंतर वाचेन.' दुसऱ्या दिवशी पत्राबद्दल काही नाही. पत्र शोधलं. नाही. वाचलं असणार. वाचलं असणारच. पण त्यात काय होतं ते आठवत नाही आणि चार पानांत तिने हाच शब्द लिहिला असणार असं आज सारखं वाटतंय.

२६ जानेवारी, रविवार

तीन दिवस हिंमत झाली नाही. आज सकाळी तिला खुर्चीत बसवलं, ४१७ चं कार्ड हातात दिलं आणि मी म्हणालो, "बोंडलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बोंडलं," म्हणाली. स्पष्ट, लं सकट.

मग कार्ड डाव्या हाताने तिरकं केलं आणि उजव्या कोपराच्या खोबणीशी नेलं. तो हात उचलत नाही, तसाच मांडीवर होता. तिथं धरून बसली. मी समोर जमिनीवर बसलो होतो. म्हणालो, शैला, मी तेव्हा राहायला हवं होतं. मी घाबरलो होतो, काम नव्हतं तेवढं. मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही. तुला एकटीला टाकून गेलो.

हे तीस वर्षांत पहिल्यांदा बोललो, आणि बोललो कधी, तर तिला उलट बोलता येत नाही तेव्हा. हेही माझ्या लक्षात आलं. तिच्याही आलं असणार.

तिने तोंड भिंतीकडे केलं. दुपारचं जेवली नाही. मला जवळ येऊ दिलं नाही, औषधं वहिनींच्या हातून घेतली.

तक्त्यावरची बारा तारखेची फुली खोडली आणि बरोबरची खूण केली. थेरपीच्या मुलीला फोन केला नाही. काय सांगणार?

२९ जानेवारी, बुधवार

मॅडमना सांगितलं. गयाबाईंनी ओळखलं, आणि माझ्या घरीही असं भांडं होतं एवढंच म्हणालो. चोचीचं झिजलेलं टोक दाखवलं. त्या बराच वेळ भिंगातून बघत होत्या. म्हणाल्या, पटतंय, खाली मूल आहे म्हणजे आणखी पटतंय, पण लोक म्हणतात एवढ्यावर लिहिता येत नाही. मातीत दुधाचा अंश मुरलेला असेल तर तपासणीत कळेल. नमुना पाठवला. निकालाला सहा महिने, कदाचित जास्त.

मग हळूच म्हणाल्या, "ते कुंभ मी काढते. तुम्ही नका काढू." त्यांना काय कळलं, किती कळलं, माहीत नाही.

चिठ्ठीवर तूर्त 'बोंडलं?' लिहिलं. प्रश्नचिन्हासकट. खाली बारीक अक्षरात, ओळखणाऱ्या: गयाबाई. हे मी भांडून लिहून घेतलं.

२ फेब्रुवारी, रविवार

गावी जाऊन आलो. शै. ला सांगून गेलो. तिने मान हलवली नाही, पण काठीने माझ्या चपला पुढं सरकवल्या.

भास्करला सरळच विचारलं, कुठं ठेवलं होतं? तो तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. तो उठला. मग वावरात घेऊन गेला. कापूस उभा होता, वेचून झालेला, पानं गळालेली. मधोमध उभा राहून चारी बाजूंना बघत म्हणाला, "हितं बांध व्हता दाजी. बांधाला बोरीचं झाड. त्याच्या बुडाला. मंग वाटण्या झाल्या, जेसीबी लावला, बांध मोडला. आता हितंच कुटंतरी."

इथंच कुठंतरी. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं, वस्तू कुठं सापडली ते सेंटिमीटरपर्यंत लिहा, नाहीतर वस्तूला किंमत नाही. दोन-तीन जागी उभा राहून पाहिलं. माती सगळीकडे सारखी काळी. म्हणजे शै. खिडकीकडे बघत बोंड म्हणायची ते भांडंच होतं की हे वावर, हेही आता मला ठामपणे सांगता येणार नाही.

भांड्याचं विचारलं. पितळेचं होतं, त्यांच्या आजीच्या वेळचं. "पुढं समदी पितळंची भांडी मोडीत घालून स्टीलची घेतली, त्यात गेलं. ताईनं एकदा लई हुडकलं व्हतं. चार दिस. काय हुडकती ते सांगंना." कधी, विचारलं. सात-आठ वर्षांपूर्वी. म्हणजे ती भाच्याच्या साखरपुड्याला आठवडाभर राहिली होती तेव्हा. मी तिला फोनवर म्हणालो होतो, इतके दिवस काय करतेस तिथं?

निघताना भास्कर गाडीपाशी म्हणाला, "बारसं नव्हतं झालं, पन ताई त्याला कायतरी हाक मारायची. पाजताना. आईला म्हाईत व्हतं." सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. तुला आठवत नाही का म्हटलं. "मी कुटं ध्यान देत व्हतो दाजी तवा."

वाळूजवरून येताना कारखान्यांची शिफ्ट सुटली होती. बसगाड्या, मोटारसायकली, रस्ता गच्च. बाजूला गाडी लावून थांबलो. रडलो. एका कामगाराने येऊन विचारलं, काका चक्कर आली का? हो म्हणालो. त्याने पाणी दिलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

शै. माझ्या हातून जेवतेय परत. सोमवारपासून. कारण माहीत नाही, विचारायची सोय नाही.

मी तिला सांगितलं, बांध मोडलाय, जागा कळत नाही. लपवण्यात अर्थ नव्हता. तिने डोळे मिटून घेतले. तिला बांध मोडल्याचं आधीपासून माहीत असावं असं वाटलं. तिचं तिला सगळं माहीत आहे. उशिरा आलेला मी आहे.

आज "पाणी" बरोबर आलं. नळाचं चित्र होतं, तरी बरोबर धरलं. थेरपीची मुलगी फोनवर आनंदली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रदर्शनाचं सामान लागतंय. ४१७ काचेत गेलं. गयाबाई बघायला आल्या होत्या, नवी साडी नेसून. स्वतःचं नाव त्यांना वाचता येत नाही, मी बोट ठेवून दाखवलं. "ह्ये मी?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्या लेकराचं नाव काय आसंल हो?" मॅडम म्हणाल्या, ते कळत नाही मावशी, मातीवरून नाव कळत नाही.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

हजारो वस्तूंची नावं मी रजिस्टरात लिहिली. मणी, बांगडी, पाटा, घासणी. एकाला द्यायचं होतं ते लांबवलं. आता ते एकाच माणसाला माहीत आहे, आणि ती गाईला चहा म्हणते. सासूबाई होत्या तोवर विचारता आलं असतं. शै. बोलत होती ती तीस वर्षं विचारता आलं असतं, स्वयंपाकघरात, गाडीवर मागे बसलेली असताना, कधीही.

पुढं शब्द येतील का, विचारलं मी डॉक्टरांना. म्हणाले, काही येतील. आणखी एक झटका आला तर मात्र सांगता येत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज कार्डं काढली नाहीत. न्हाणं झालं, केस विंचरून दिले, मला वेणी अजून तिरकीच जमते. गॅलरीत ऊन होतं, तिथं बसवलं. तब्येत बरी दिसत होती म्हणून धीर केला.

विचारलं, "शैला, तू त्याला काय म्हणायचीस?"

कुणाला, ते सांगावं लागलं नाही. ती माझ्याकडे वळली. ओठ मिटून उघडले. काहीतरी आत जुळवत होती ते दिसत होतं, गळ्याची शीर ताणली होती. मी मध्ये बोललो नाही, अंदाजाने नावं सुचवली नाहीत. कान तिच्या तोंडाशी नेला. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, त्याला गप्प करावंसं वाटलं.

बऱ्याच वेळाने तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "उद्या."

उद्या सांगशील? विचारलं. हा शब्द तिला सुचला की नुसता आला, मला कळत नाही. आज लवकर आवरतो. वही तिच्या खुर्चीशेजारी ठेवतो, पेन वरच, शब्द आला की लगेच लिहून घ्यायला.